शगुफ्ताच्या ओढणीवरची पाच अक्षरं

मल्हाररावांच्या दुकानाला पाटी नाही. बेंगळुरातल्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या मागच्या गल्लीत शिरायचं आणि "ड्रामा टेलर" एवढंच म्हणायचं. भाजीवाली असो की रिक्षावाला, हात करून दाखवतोच. नाटकमंडळ्या बसल्या, पडदे भंगारात गेले, राजे-महाराजे म्हातारे होऊन मुलांकडे राहायला गेले. पण मल्हारराव अजून ड्रामा टेलरच आहेत.

त्यांचे आजोबा छावणीतल्या पलटणीचे कपडे शिवायला बेंगळुरात आले आणि इथलेच झाले. वडिलांनी नाटकाचा नाद लावून घेतला, आणि मल्हारराव तर कपडेपटातच मोठे झाले. मराठी मंडळींचं गणेशोत्सवातलं नाटक असो की गावोगाव हिंडणारी कन्नड कंपनी, पडदा वर जायच्या आधी राजाला राजा करायचं काम त्यांचं. तोंडात टाचण्या धरून ते विंगेत उभे असायचे. कमरेचा शेला सैल झालेला महाराज आत आला की अर्ध्या वाक्यात त्याला आवळून परत प्रकाशात ढकलायचे. टाळ्या महाराजाला मिळायच्या. मल्हाररावांना त्याचं कधी काही वाटलं नाही. शेला सुटला नाही, यातच त्यांची टाळी असे.

आता दुकान चालतं ते शाळांच्या गॅदरिंगवर आणि एका मशीनवर. पीण्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखानदार कामगारांच्या गणवेशावर नावं भरून द्यायचा. त्याने धंदा आवरला तेव्हा त्याचं कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन, सोबतचा जुना कॉम्प्युटर आणि नावं टाईप करायचं सॉफ्टवेअर मल्हाररावांनी उचललं. इंग्रजी नाव टाईप करायचं, पेन ड्राइव्हमध्ये घालायचं, पेन ड्राइव्ह मशीनला खुपसायचा आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत कापडावर मंजुनाथ उमटलेला असे.

दोन दारं सोडून झुबेदा आपांचं घर. आपा म्हणजे जरीकामातला उस्ताद हात. मल्हाररावांनी अंगरखा बेतायचा आणि आपांनी त्यावर कलाबतू चढवायचा, अशी त्या दोघांची जोडी. राजाच्या छातीवरचा सूर्य शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायचा तो आपांमुळे. पुढे काचबिंदूने त्यांचे डोळे खाल्ले. आता उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, सुई दिसत नाही.

तर या आपा एका सकाळी काठी टेकत दुकानात आल्या आणि मलमलीत गुंडाळलेली एक घडी त्यांनी टेबलावर ठेवली. आत लाल रेशमी ओढणी होती, आपांना त्यांच्या सासूने दिलेली. जुनं, साईसारखं मऊ रेशीम.

"शगुफ्ता का निकाह है जी. आनेकल का लड़का," आपा म्हणाल्या. "हमारे घर का तरीक़ा तुमना मालूम. दादी के हाथ से नाम पड़ना ओढ़नी पे."

मल्हाररावांना माहीत होतं. त्या घरात नवरीच्या ओढणीच्या कोपऱ्यावर तिचं नाव आजीने भरायचं, आणि ती नवरीच्या डोक्यावर पडेपर्यंत भरणाऱ्याखेरीज आणि आजीखेरीज कुणीही ते वाचायचं नाही. आपांच्या दोन्ही लेकींची नावं त्यांच्या सासूने भरली होती. नातीची पाळी आली, तर आजीला सुई दिसेना.

"दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या की आपा. गल्लीत इतक्या जणी आहेत."

"दूसरी औरत का हाथ नक्को. हाथ बदल गया तो बात गई. मशीन का हाथ किसका बी नहीं होता. और तुमे तो अपने आदमी." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "पन किसीकु पढ़ने देना नक्को. कच्चा नमूना बी किसीकु दिखाना नक्को."

मल्हाररावांनी कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि ओढणी कपाटात ठेवली. एवढं तलम रेशीम एकदाच शिवता येतं. टाका उसवला तर सुईची भोकं तशीच राहतात, आणि नावाच्या जागी चाळणी होते. ओढणी एकच होती.

नाव उर्दूत कसं लिहायचं हा प्रश्न त्यांना पडला नाही. आयुष्य शिवाजीनगरात गेलं, पण उर्दू पाट्या ते रंगावरून ओळखत. हिरवी ती बेकरी, निळी ती दवाखान्याची. आपांनी फोनला तोंडाने नाव सांगितलं, फोनने ते लिहिलं आणि मल्हाररावांच्या फोनवर आलं. पाहिलं तर एका ओघात वळलेली सुबक रेघ, वरखाली ठिपके. त्यांना ते फार आवडलं. सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीखाली "अरबी" असा पर्याय होताच. फोनला वायर लावून नाव तिकडे नेलं, चिकटवलं आणि ते बघतच राहिले.

फोनमधली सुबक रेघ गायब. तिथे सुटी सुटी चिन्हं होती. डावीकडे दातेरी करवत आणि तिची लांब शेपटी, मग एक रिकामी चौकट, मग एक डोकंवालं, मग दोन ठिपक्यांची होडी, आणि शेवटी पुन्हा एक रिकामी चौकट. फोनवर करवत उजवीकडे होती, शेपटी नव्हतीच, आणि होडी तर कुठेच नव्हती.

मल्हाररावांना वाटलं वाटेत काहीतरी सांडलं. त्यांनी वायर काढून पुसली. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. मग वाटलं, प्रत्येक यंत्राचं अक्षर वेगळं असेल, जसं प्रत्येक माणसाचं असतं. चौकट म्हणजे त्या यंत्राच्या हाताचं एखादं अक्षर असणार. राहिला प्रश्न क्रमाचा. तो त्यांनी माउसने सोडवला: करवत ओढून उजवीकडे नेली, बाकीची मंडळी तिच्या डावीकडे ओळीने लावली, आणि फोनवर सगळी जोडलेली होती म्हणून इथेही एकमेकांत सारून दिली. कपडेपटातला माणूस. दोन तुकडे जुळले नाहीत तर एकावर एक चढवून टाका घालायचा, हे हातात बसलेलं.

जुन्या अस्तराच्या तुकड्यावर नमुना काढला आणि आपांच्या हातात दिला. आपांनी तर्जनी उजवीकडून डावीकडे फिरवायला सुरुवात केली. दुसऱ्याच क्षणी बोट अडखळलं.

"ये क्या है जी, खिड़की?"

"अक्षर है आपा."

"अक्षर कैसा? चौकोन है. इत्ते में दो दो खिड़कियाँ. घर बनाए क्या तुमे?" बोट मागे, करवतीवर आलं. "और ये शीन इत्ती लंबी दुम लेके शुरू में कैकु खड़ी? दुम तो आख़री में होती. सब के सब ऐसे चढ़े एक पे एक, जैसे बस अड्डे में बस आई."

आपा हसत होत्या, पण नमुना परत देताना त्यांचा हात हवेत थोडा थांबला. "मल्हार भाई, ओढ़नी पे ऐसा नक्को हाँ," एवढंच त्या म्हणाल्या. मल्हाररावांचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं.

घरात त्यांची सून देवश्री होती. ही पुण्याची, एका कंपनीत सॉफ्टवेअर बघते, आणि आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करते. तिला विचारावं तर आपांची अट आड येत होती. शेवटी त्यांनी आपांनाच फोन लावला.

"तुमारी बहू उर्दू पढ़ती?" आपांनी विचारलं.

"नाही."

"फिर वो देखी तो बी नहीं देखी. दिखाओ."

देवश्रीने अस्तराचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. "बाबा, हे दोन बॉक्स तुम्ही भरलेत?"

"आले म्हणून भरले."

"अहो, ते अक्षरच नाही. अक्षर सापडलं नाही, हे सांगायला कॉम्प्युटर बॉक्स दाखवतो."

"मग तसं बोलून सांगायचं. रिकामी खुर्ची कशाला मांडायची?"

देवश्रीने खुर्ची ओढली आणि समजवायला बसली. म्हणाली, कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर. आपांच्या मेसेजमध्ये पाच अक्षरांचे पाच नंबर आले, ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने. बस, बाकी काही आलं नाही.

"आणि ती रेघ? ती वळणं?"

"ती फोनने काढली."

"आपांनी नाही?"

"नाही. आपांकडून फक्त नंबर आले."

मल्हाररावांना वाटलं, हे म्हणजे पत्रातून माणसाचं नाव यावं आणि चेहरा टपालवाल्याने आपल्या मनाने काढावा, तसं झालं. "स्वल्प थांब," ते म्हणाले. "नंबर पाच. फोनला गेले तेच पाच. या डबड्याला गेले तेच पाच. मग तिथे होडी नाही आणि इथे होडी कुठून आली?"

"या लिपीत अक्षर शेजाऱ्याकडे बघून बदलतं," देवश्रीने कागदावर गोल काढले. "एकटं असलं की एक आकार, सुरुवातीला दुसरा, मधे तिसरा, शेवटी चौथा. पण नंबर एकच. कोणता आकार द्यायचा ते फोन शेजारी बघून ठरवतो, आणि उजवीकडून मांडतो. तुमचं सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी लिहिलेलं. इंग्रजीत शेजारी कुणीही असो, अक्षर तसंच राहतं. म्हणून ते शेजाऱ्याकडे बघतच नाही. प्रत्येकाला एकटं समजून डावीकडून उभं करतं."

आता मात्र मल्हाररावांच्या डोळ्यांसमोर विठोजी आले. मंडळातले विठोजी एकाच नाटकात हुजऱ्या, कारभारी, फकीर आणि शेवटी संन्यासी व्हायचे. माणूस तोच, पगारपत्रकावर नाव एकच, पण रंगमंचावर आधीपासून कोण उभं आहे यावर त्यांचा कपडा ठरायचा. आणि कोणता अंगरखा कधी चढवायचा, हे विठोजींना स्वतःला कधीच ठाऊक नसायचं. ते विंगेत येऊन हात पसरून उभे राहायचे.

"म्हणजे फोनमध्ये कपडेपटवाला आहे," मल्हारराव सावकाश म्हणाले. "आणि या मशीनमध्ये नाही."

"हो. असंच म्हणा," देवश्री म्हणाली.

"मग सगळे नट उघडेच आले की स्टेजवर."

"उघडे नाही, घरच्या कपड्यांत. आणि दोघांचे कपडे तर पेटीतच नाहीत. तुमचा फॉन्ट अरबीचा आहे. अरबीत ‘ग’ नाही. उर्दूतल्या शेवटच्या ‘हे’चा नंबरही अरबीपेक्षा वेगळा. म्हणून दोन बॉक्स."

एवढ्यावर थांबलं असतं तर मल्हाररावांना कळलं असतं. पण देवश्री सॉफ्टवेअर चाळत होती. तिला एक मोठा तक्ता सापडला, आणि तिने सांगितलं की पूर्वी कॉम्प्युटरमध्ये शेजारी बघायची सोय नव्हती, तेव्हा प्रत्येक आकाराला वेगळा नंबर दिला होता. जुनी कामं बिघडू नयेत म्हणून ते नंबर अजून ठेवलेत.

"आत्ताच म्हणालीस की अक्षराला एकच नंबर."

"अक्षराला एकच. आकारांना वेगळे."

"मग एका अक्षराला पाच नंबर झाले."

"तसे झाले. पण ते चार वापरायचे नसतात."

"मग ठेवलेत कशाला?"

"आपण आता वापरणार आहोत म्हणून," देवश्री म्हणाली, आणि तिलाही आपण काय बोललो ते कळेना.

मग काम सुरू झालं. देवश्रीने इंटरनेटवरून कोणता आकार सुरुवातीचा, कोणता मधला ते वाचायचं, आणि मल्हाररावांनी फोनमधल्या चित्राशी ताडून बघायचं. करवतीचा बिनशेपटीचा आकार मिळाला. होडीच्या जागी नुसता एक दात आणि वर दोन ठिपके मिळाले; होडी बुडाली होती, ठिपके तेवढे पाण्यावर राहिले होते. शेवटच्या ‘हे’च्या गाठीसाठी अरबीतली गाठ घेतली, दिसायला जवळपास तीच. ‘ग’साठी ‘क’ घेतला. दोन्हींत फरक वरच्या एका काठीचा. ‘ग’ला दोन, ‘क’ला एक. सॉफ्टवेअर सगळं डावीकडूनच मांडत होतं, म्हणून आकार शेवटापासून सुरुवातीकडे, उलट्या क्रमाने भरले. आणि स्क्रीनवर एकाएकी ती रेघ उभी राहिली. सलग, वळणदार, फोनमधल्यासारखी. फक्त एक काठी कमी.

मल्हाररावांना इतका आनंद झाला की त्यांनी ते जुळवलेलं नाव लगेच आपांना पाठवून दिलं. आपांचा फोन आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो.

थोड्याच वेळात आपांचा फोन आला. "मल्हार भाई, ये क्या भेजे? फोन कुछ बी बोल रा. हतफ़ कश बोला. मैं फिर से दबाई, फिर वैच बोला. ये किसका नाम है जी?"

मल्हाररावांनी आपला फोन पाहिला. त्यावर ते नाव पुन्हा उलटं झालं होतं. करवत डावीकडे, गाठ उजवीकडे, सगळ्यांचे हात भलत्या बाजूला पसरलेले. कॉम्प्युटरकडे पाहिलं, तिथे सरळ. फोनकडे पाहिलं, तिथे उलटं. त्यांनी फोनच फिरवून पाहिला, काही उपयोग झाला नाही.

"अहो, आपण उलट्या क्रमाने भरलंय ना," देवश्री म्हणाली. "फोनचा कपडेपटवाला हुशार. त्याने ते उजवीकडून लावलं, म्हणजे उलट्याचं उलटं झालं. मशीनला ते सरळ, फोनला चूक."

"मग खरं कोणतं?"

"वाचायला फोनमधलं पहिलं. दिसायला हे."

"आणि कापडावर?"

"कापडाला नंबर कळत नाहीत, बाबा. तिथे फक्त दोरा जाणार."

हे मल्हाररावांना पटलं, म्हणजे निदान या सगळ्यात दोरा एक ओळखीचा निघाला. पण आपांना फोनवर कसं पटवायचं? फोन त्यांचे डोळे होता, आणि डोळ्यांनी भलतंच नाव वाचलं होतं. त्या म्हणाल्या, "रहने दो. ओढ़नी वापस दे दो. सादी च भेजतूँ बच्ची कु." मल्हाररावांनी एवढंच मागितलं की एकदा बोटाने बघा, मग घेऊन जा.

दुपारी आपा आल्या त्या ओढणी परत न्यायच्या तयारीनेच. मलमलीचं फडकं खांद्यावर होतं. मल्हाररावांनी नवा नमुना त्यांच्या हाताखाली सरकवला आणि स्वतः बाजूला झाले. पडदा वर गेला की विंगेत उभं राहण्याखेरीज काही हातात नसतं, ते त्यांना ठाऊक होतं. तरी या वेळी उभं राहवेना, ते उगाच कात्री उचलून ठेवू लागले.

आपांचं बोट उजव्या टोकाला टेकलं. करवतीच्या दात्यांवरून गेलं, वर तीन ठिपक्यांना शिवून आलं, पुढे चढलं, उतरलं, वाटोळ्या डोक्यावरून वळलं, आणि कुठेही न अडखळता गाठीत जाऊन थांबलं. मग ते मागे आलं आणि एका जागी वर-वर चाचपडू लागलं.

"गाफ़ की दूसरी डंडी किधर?"

"ती नाही पेटीत," मल्हारराव म्हणाले. "यांच्याकडे ग नाही म्हणे. पण आपा, नुसती काठीच आहे. मी रेघ काढून घालतो, मशीन भरेल. आत्ता घालतो."

"मशीन क्या क्या डालतंय?"

"बाकी सगळं."

आपांचं बोट त्या रिकाम्या जागेवरच होतं. देवश्रीला वाटलं त्या रागावल्या, म्हणून ती सांगायला लागली की रेघ काढणं अगदी सोपं आहे, दोन मिनिटांचं काम. आपांनी हाताने तिला थांबवलं.

"नक्को बेटा. वो डंडी वैसीच छोड़ो." मग मल्हाररावांकडे तोंड करून म्हणाल्या, "सुई में धागा डालने आतंय ना तुमना, के वो बी मशीन डालती?"

ओढणी फ्रेममध्ये ताणली. मागे कागद लावला. मशीन सुरू झालं तेव्हा मल्हाररावांनी चहा मागवला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते सुईकडे बघत राहिले. सुई उजवीकडून डावीकडे गेली की डावीकडून उजवीकडे, पाठ की पोट, कोणत्या नंबराने कोणता टाका पडला, यातलं त्यांना आता काहीही सांगता आलं नसतं. सोनेरी दोरा नावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता गेला, मग मशीनने एकेक ठिपका बसवला आणि थांबलं.

फ्रेम न काढताच मल्हाररावांनी ती आपांच्या मांडीवर ठेवली. सुई ओवून दिली. आपांनी डाव्या हाताच्या बोटाने पहिली काठी शोधली, बोट तिच्या वर अलगद ठेवलं आणि त्या बोटाच्या कडेने सुई खाली घातली. टाका तिरपा पडला की सरळ, हे मल्हाररावांनी पाहिलं नाही. ते दाराशी जाऊन उभे राहिले, कारण घरची रीत अशी की भरणारा आणि आजी यांनीच नाव वाचायचं, आणि या घडीला भरणारी आजीच होती. देवश्रीही कारण न विचारता त्यांच्यामागे आली. बाहेर गल्लीत लिंबाची गाडी चालली होती.

"हो गया," आतून आवाज आला.

ते आत आले तेव्हा आपांनी दोरा दाताने तोडला होता. बोट पुन्हा उजव्या टोकाला ठेवून त्यांनी सगळं नाव एकदा फिरून पाहिलं, काठीवर जरा रेंगाळल्या, गाठीपाशी थांबल्या. मग नात पलीकडच्या खोलीत असावी आणि तिला हाक मारावी, तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "शगुफ्ता." आणि घडी घालायला ओढणी मल्हाररावांच्या हातात दिली.